बायबलमधल्या गोष्टींतून लहान मुलांना माया शिकवताना: नव्या शिक्षकांसाठी

या वर्षी संडे स्कूलचा लहान गट तुमच्याकडे आला असेल, फादरांनी धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी तुमचं नाव घातलं असेल, किंवा घरातलीच दोन-तीन पोरं रात्री जेवणं झाली की गोष्टीसाठी मागे लागत असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी सिंधुदुर्गात चार ते नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते. इथे सांगितलेलं बहुतेक सगळं वर्गात करून पाहिलेलं आहे. आपल्या किनाऱ्यावर वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही ते करता येईल. त्याला खर्च लागत नाही, तयारी मात्र लागते.

आधी एक गोष्ट पक्की करू. "सगळ्यांवर प्रेम करा" असं सांगितलं की मूल मान डोलावतं आणि दारात जाऊन चपलेवरून भांडतं. यात मुलाचं काही चुकत नाही. प्रेम करायचं म्हणजे हातांनी नेमकं काय करायचं, हे त्याला कोणी दाखवलेलं नसतं. बायबलमधल्या गोष्टींत ते दाखवलेलं आहे. कोण थांबलं, कोणी काय उचललं, कोणी कोणाला आपल्या ताटाशी बसवलं, हे त्यांत स्पष्ट लिहिलंय. आपण घाईघाईने ते ओलांडतो आणि तात्पर्यावर येऊन पोचतो. तसं करू नका. कृती सावकाश सांगा, अर्थ मुलांना काढू द्या. पुढच्या सगळ्या सूचना याच एका म्हणण्यातून निघाल्या आहेत.

आधी स्वतः वाचा

रविवारी सकाळी चहा घेता घेता उतारा चाळून वर्गात जाऊ नका. गुरुवारी किंवा शुक्रवारी गोष्ट दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसती वाचा. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन क्रियापदांखाली रेघा मारा. लूकच्या दहाव्या अध्यायात चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे चोरांनी मारून टाकलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची गोष्ट आहे, तिथे ओळ ३३ ते ३५ मध्ये किती रेघा पडतात पाहा. तो जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतला, जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत आणलं, त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी पैसे काढून दिले, परत येताना उरलेलं देईन म्हणाला. धडा इथेच तयार झाला.

असं वाचलं की आणखी एक फायदा होतो. ऐकीव माहितीवर आपण गोष्टीत काय काय घुसडत होतो ते कळतं. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांची गोष्ट चारही शुभवर्तमानांत (येशूचं चरित्र सांगणाऱ्या पुस्तकांत) आहे, पण भाकरी एका मुलाजवळ होत्या हे फक्त योहान सांगतो (अध्याय ६). तिथेही तो मुलगा एक शब्द बोलत नाही. येशूचा शिष्य अंद्रिया नुसता म्हणतो की इथे एक मुलगा आहे, त्याच्याजवळ पाच जवाच्या भाकरी आणि दोन मासळ्या आहेत. "त्या गुणी मुलाने आनंदाने आपला डबा दिला" हे वाक्य आपलं आहे. म्हणून मी ते सांगत नाही, मुलांना विचारते: त्याने लगेच दिला असेल, की थोडा विचार केला असेल? भूक लागली असताना आपला डबा देणं सोपं नसतं हे मुलांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, आणि बोलणं तिथून सुरू होतं.

जुन्या भाषांतराची मराठी जड वाटत असेल तर तयारीसाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' जवळ ठेवा. मुलांसमोर मात्र पुस्तक मिटून ठेवा आणि तोंडाने सांगा. वाचून दाखवताना आपली नजर ओळीवर असते आणि मुलांची पंख्यावर.

कोणत्या वयाला कोणती गोष्ट

चार-पाच वर्षांच्या मुलांना एक माणूस, एक अडचण आणि एक कृती एवढंच पुरे. हरवलेलं मेंढरू, पाच भाकरी, शिष्य मुलांना हाकलत असताना येशूने त्यांना जवळ घेतलं तो प्रसंग (मार्क १०), या गोष्टी त्यांना चालतात. पाच-सात मिनिटांच्या वर ताणू नका. सहा-सात वर्षांच्यांना येशूला पाहायला झाडावर चढलेला जक्कय, चांगला शोमरोनी, छपरातून खाली सोडलेला आजारी माणूस. आठ-नऊच्या मुलांना नात्यांचा गुंता पेलतो, त्यांच्यासाठी रूथ, उधळा पुत्र आणि भावांना क्षमा करणारा योसेफ ठेवा. योसेफाची गोष्ट लहान गटात मी घेत नाही. सख्ख्या भावांनी खड्ड्यात टाकून विकलं, एवढंच त्यांच्या डोक्यात राहतं आणि रात्री त्रास देतं.

दावीद आणि गल्याथ मुलांना भारी आवडतात, पण मायेच्या धड्यात ती लढाई आणू नका. त्याऐवजी राजा झालेला दावीद सांगा. २ शमुवेल, नववा अध्याय. शौल राजाने दावीदाचा जीव घ्यायला पाठलाग केला होता. त्या शौलाचा नातू मफीबोशेथ दोन्ही पायांनी अधू होता; पाच वर्षांचा असताना पळापळीत दाईच्या हातून पडला होता. दावीद त्याला शोधून काढतो, आजोबाची जमीन परत देतो आणि रोज आपल्या पंगतीला जेवायला बसवतो. त्याच्या बापाशी, योनाथानाशी असलेली मैत्री तो विसरला नव्हता. ही गोष्ट फार कमी वर्गांत सांगितली जाते याचं मला वाईट वाटतं. ज्या वर्गात एखादं मूल चालताना अडखळतं किंवा उशिरा बोलायला लागलंय, तिथे ती जरूर सांगा. सांगताना त्या मुलाकडे बघू मात्र नका.

सांगायची कशी

सतरंजीवर मुलांच्या उंचीला बसा. खुर्चीवरून सांगितलेली गोष्ट सूचनेसारखी ऐकू येते.

सुरुवात जागेपासून करा. शोमरोन्याचीच गोष्ट घ्या, ती यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या रस्त्यावर घडते. यरुशलेम डोंगरावर, समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे. यरीहो तर समुद्रसपाटीच्याही खाली आहे. मधला रस्ता साधारण पंचवीस किलोमीटरचा, सगळा उताराचा आणि निर्जन. आमच्या मुलांना मी विचारते, आंबोलीहून सावंतवाडीकडे घाट कोण उतरलंय? निम्मे हात वर होतात. मग म्हणते, तसाच उतार, पण झाड नाही, धबधबा नाही, गाडी नाही. ऊन आणि दगड, आणि वळणावळणावर लपायला जागा. वसईच्या मुलांना तुंगारेश्वरची चढण सांगा, चिपळूणच्या मुलांना कुंभार्ली घाट. मुलांच्या पायांना तो रस्ता एकदा कळला की पुढचं ऐकायला ती तयार असतात.

मारहाण एका वाक्यात संपवा: "चोरांनी त्याला मारलं, त्याचे कपडे घेतले आणि टाकून गेले." रक्ताचं वर्णन नको. मग याजक येतो, मग लेवी (मंदिरात सेवा करणारा) येतो. इथे नवा शिक्षक त्या दोघांना दुष्ट करून टाकतो, आवाज बदलतो, तोंड वाकडं करतो. ते टाळा. गोष्टीत एक महत्त्वाची गोष्ट लिहिली आहे: तिघांनाही तो माणूस दिसला. पहिल्याने पाहिलं, दुसऱ्याने पाहिलं, तिसऱ्यानेही पाहिलं. फरक पाहिल्यानंतरच्या पावलात आहे. मी तीन मुलांना सतरंजीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायला सांगते. मध्ये एक मूल आडवं. पहिली दोघं बघतात आणि सतरंजीच्या कडेने जातात. तिसरं थांबतं. त्या थांबण्यावर सगळा वर्ग गप्प होतो, मला काही सांगावं लागत नाही.

यापुढे वेग अगदी कमी करा, कारण गोष्टीचं सोनं इथे आहे. वाटीत थोडं खोबरेल तेल आणि जुन्या सुती साडीच्या चार पट्ट्या आधीच आणून ठेवा. तेल बोटाने लावा, पट्टी बांधा, मुलांना एकमेकांच्या हातावर बांधू द्या. गाठ सैल की घट्ट, दुखतं का, हे ती एकमेकांना विचारायला लागतात. कोणी न सांगता विचारतात. द्राक्षारसाचं नाव आलं की एखादं मूल "दारू!" म्हणून हसतं. काही घरांत तो हसण्याचा विषय नसतो. "त्या काळी जखम धुवायला द्राक्षारस वापरत" एवढं म्हणून पुढे जा.

दोन दीनारांचं काय करायचं? दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तेव्हा "दोन दिवस राबून मिळतात तेवढे पैसे त्याने अनोळखी माणसासाठी काढून दिले" असं सांगा. ज्यांचे बाबा होडीवर किंवा चिऱ्यांच्या खाणीवर जातात त्या मुलांना हा हिशेब चटकन कळतो.

शोमरोनी कोण, हे सांगताना सांभाळा. "यहुदी आणि शोमरोनी एकमेकांच्या घरचं पाणी पीत नव्हते, बोलतही नव्हते" एवढं पुरेसं आहे. आपल्या गावातल्या एखाद्या वाडीचं, जातीचं किंवा धर्माचं उदाहरण चुकूनही देऊ नका. मूल घरी जाऊन तेच वाक्य सांगतं आणि ज्या वाडीचं नाव घेतलं तिथलं मूल पुढच्या रविवारी येत नाही.

आणि शेवट? येशूने ही गोष्ट सांगून झाल्यावर उपदेश केला नाही. समोरच्या शास्त्र्यालाच विचारलं, या तिघांपैकी त्याचा शेजारी कोण झाला? उत्तर त्या माणसाने दिलं. त्यानंतर येशू म्हणाला, जा आणि तसंच कर. "म्हणून मुलांनो..." हे शब्द तुमच्या तोंडात आले की ही गोष्ट आठवा आणि प्रश्न विचारा.

प्रश्न विचारताना

"या गोष्टीतून आपण काय शिकलो?" हा प्रश्न वहीतून खोडून टाका. त्याचं उत्तर प्रत्येक रविवारी एकच येतं, "प्रेम करावं", आणि ते उत्तर देण्यासाठी गोष्ट ऐकण्याचीही गरज नसते. ज्या प्रश्नाचं उत्तर तुम्हालाही आधीपासून ठाऊक नाही, तो विचारा. शोमरोन्याला घरी पोचायला उशीर झाला असेल का? घरच्यांना त्याने काय सांगितलं असेल? जक्कय झाडावरून उतरला तेव्हा खाली उभे असलेले लोक त्याच्याकडे कसे बघत असतील? आणि विचारल्यावर थांबा. दहा सेकंद शांतता राहिली तर राहू द्या. लाजरी मुलं त्या शांततेतच बोलतात.

कफर्णहूम गावातली छपराची गोष्ट आमच्याकडे मी नेहमी मेमध्ये घेते, घरोघरी शाकारणी चालू असते तेव्हा. चार मित्र आपल्या आजारी सोबत्याला खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे दारातून जाता येत नाही, मग ते छपरावर चढतात. मार्क म्हणतो त्यांनी छप्पर उसवलं, लूक कौलांचा उल्लेख करतो. आपल्या मुलांनी बापाला किंवा काकाला कौलं काढून परत बसवताना पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांना हे समजावून द्यावं लागत नाही. एका वर्षी चौघे मित्र किती चांगले, हे सगळं बोलून झालं आणि मागे बसलेल्या एका सहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "बाई, मगे ती कौलां परत कोणी घातल्यानी?"

बायबलमध्ये याचं उत्तर नाही. मी तसं तिला सांगितलं आणि प्रश्न सगळ्यांसमोर ठेवला. एक मुलगा म्हणाला, येशूने चमत्काराने बसवली असतील. दुसरा म्हणाला, ज्यांनी काढली त्यांनीच घालायची. मग त्या मुलीनेच ठरवलं की खाटेवरचा माणूस बरा झाला होता, तर तो पण वर चढला असणार, आणि घरवाल्या आजीने सगळ्यांना चहा दिला असणार. मोडलेल्या घराच्या मालकिणीचा विचार त्या मुलीला आला, मला इतक्या वर्षांत आला नव्हता. असा प्रश्न आला की ठरवलेला धडा बाजूला ठेवा आणि त्याच्या मागे जा.

हाताला काम द्या

चित्र रंगवायला देणं सोपं असतं. ते वाईट नाही, पण रंगवून मूल दयाळू होत नाही. गोष्टीतली कृती त्याच दिवशी, छोट्या प्रमाणात, त्याच्या हातून होऊ द्या.

पाच भाकरींच्या दिवशी घरून दोन तांदळाच्या भाकऱ्या घेऊन जा. मुलं गोल बसली की एकच नियम सांगा: आपल्या हाताने आपल्याला घ्यायचं नाही. उजवीकडच्याने डावीकडच्याला तुकडा द्यायचा. पहिल्यांदा मोठा तुकडा कोणाला मिळाला यावर कुरबुर होते. होऊ द्या. दुसऱ्या फेरीत हात सावकाश चालतात. शेवटी तुकडे उरतात, आणि बारा टोपल्या भरून उरलं हे वाक्य तेव्हा सांगा.

हरवलेल्या मेंढराच्या दिवशी किनाऱ्यावरून शंभर शिंपले गोळा करा, किंवा मुलांनाच करायला सांगा. दहा-दहाच्या रांगा मांडा. मुलं डोळे मिटतात, तुम्ही एक लपवता. "नव्व्याण्णव आहेत ना, मग एक गेला तर काय बिघडलं?" असं विचारा. मुलं तुमच्यावर रागावतात. फार बरं वाटतं ते पाहून. आपल्याकडे मेंढरं फारशी दिसत नाहीत, तेव्हा संध्याकाळी घरी न आलेल्या पाडीला शोधायला कोण कोण गेलंय ते विचारा. प्रत्येक वाडीत एक तरी सापडतं.

टबीथाची गोष्ट (प्रेषितांची कृत्ये ९) मला आपल्या बंदरावरच्या बायकांची वाटते. ती यापोची, म्हणजे समुद्रकाठच्याच गावची. विधवांसाठी अंगरखे आणि कपडे शिवायची. ती वारली तेव्हा त्या बायका रडत रडत येशूचा शिष्य पेत्र याला तिने शिवलेले कपडे दाखवत होत्या, आणि पेत्राच्या प्रार्थनेने ती उठली. चर्चमधल्या शिवणकाम करणाऱ्या एखाद्या मावशींना त्या दिवशी वर्गात बोलवा. मुलांना दोन भोकांचं मोठं बटण टाचायला शिकवायचं. आठ-नऊच्या मुलग्यांनाही हे जमतं, आणि त्यांनी हे शिकायलाच हवं.

पवित्र गुरुवारच्या आठवड्यात येशूने शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट आली की बादली, तांब्या आणि टॉवेल घेऊन तुम्ही मुलांचे पाय धुवा. वाळूने भरलेले असतात, गुदगुल्या होतात, हसू येतं. ज्याला नको असेल त्याला सोडून द्या, पेत्रालाही आधी नकोच होतं.

वर्ग सुटताना एक काम द्या. ते आठवडाभर पुरेल, मुलाच्या हाताने होईल आणि नेमकं सांगता येईल असं हवं. "घरी मदत करा" हे काम नव्हे. आजीच्या चष्म्याच्या काचा पुसून देणं, बंदरावरून आलेल्या बाबांना न मागता पाणी नेऊन देणं, शाळेत डबा न आणलेल्या मुलाला शेजारी बसवणं, हे काम.

केलेल्या कामाचे तारे तक्त्यावर चिकटवू नका, बक्षीसही ठेवू नका. तारे आले की मुलं आजीकडे बघायचं सोडून तक्त्याकडे बघतात. पुढच्या रविवारी "कोणी काम केलं?" असंही मी विचारत नाही. मी विचारते, "या आठवड्यात तुमच्यासाठी कोणी काय केलं?" ज्याने काही केलं नाही त्याची मान खाली जात नाही, आणि दुसऱ्याची माया ओळखायची सवय लागते. दहा कुष्ठरोगी बरे झाले आणि आभार मानायला एकटाच परत आला ती गोष्ट (लूक १७) या प्रश्नासोबत चांगली जाते.

आपल्या ऋतूंप्रमाणे

गोष्टींचा क्रम पुस्तकाप्रमाणेच हवा असं नाही. शाकारणीला छपराची गोष्ट, हे वर आलंच. नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या परत समुद्रात गेल्या की योहानचा २१ वा अध्याय घ्या. शिष्यांनी रात्रभर जाळं टाकलंय, काही हाती लागलेलं नाही. पहाटे किनाऱ्यावरून येशू हाक मारतो, उजवीकडे टाकायला सांगतो आणि १५३ मोठे मासे लागतात, तरी जाळं फाटत नाही. या शेवटच्या गोष्टीवर कोळी-गाबितांची मुलं डोळे मोठे करतात. पण मायेची जागा पुढे आहे. होडी किनाऱ्याला लागते तेव्हा येशूने निखारे पेटवून त्यावर मासे आणि भाकर आधीच ठेवलेली असते. दमून आलेल्यांना तो जेवायला बोलावतो. त्यात पेत्रही आहे, ज्याने "मी याला ओळखत नाही" असं तीनदा म्हटलं होतं. त्यालाही तो आधी जेवू घालतो, बोलणं नंतर. ज्या घरात पहाटे आई चूल पेटवून वाट बघते, तिथल्या मुलांना हे सगळं ओळखीचं असतं.

भात कापणीच्या दिवसांत रूथ. सासू नामीबरोबर ती मवाबाहून बेथलेहेमला येते आणि बवाजाच्या शेतात सरवा वेचते. शेताच्या कडेचं पीक आणि पडलेली कणसं गरिबांसाठी सोडायची, असा नियमच बायबलातल्या लेवीय या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात आहे. बवाज त्याच्या पुढे जातो. गड्यांना सांगतो, पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम खाली टाका आणि तिला बोलू नका. हातात धान्य ठेवून तिला मिंधं केलं नाही. तिने स्वतः वेचलं, असं तिला वाटू दिलं. आठ-नऊ वर्षांची मुलं हा बारकावा पकडतात. त्यांना विचारा, समोरच्याला लाज वाटणार नाही अशा रीतीने आपण काय काय देऊ शकतो? उत्तरं कागदावर लिहून ठेवा, चांगली असतात.

जक्कयाची गोष्ट उंबराखाली सांगा. मराठी बायबलात तो उंबरावरच चढतो, आणि उंबर आपल्याकडे कुठेही मिळतो.

वर्गातली सगळी मुलं सारखी नसतात

वसईत कोणी घरात कादोडी बोलतं, कोणी वाडवळी. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीजमधून घडलेली वेगळी बोली आहे. आमच्याकडे मालवणी. गोष्ट तुम्ही प्रमाण मराठीत सांगितलीत तरी परत सांगताना मुलाला त्याच्या घरच्या बोलीत सांगू द्या, आणि तिथे त्याचं "इलो, गेलो" सुधारत बसू नका. मूल ज्या बोलीत आईशी भांडतं आणि ज्या बोलीत तिला बिलगतं, त्याच बोलीत माया लवकर पोचते.

सुट्टीत चाकरमान्यांची मुलं येतात, शेजारची हिंदू-मुसलमान मुलंही गोष्टी ऐकायला येऊन बसतात. त्यांचं स्वागत करा. आधी त्यांच्या आईवडिलांना भेटून काय सांगतो, काय खायला देतो ते मोकळेपणी सांगा आणि त्यांचा होकार घ्या. गोष्ट सगळ्यांना सांगा, प्रार्थनेत हात जोडायला किंवा वचन पाठ करायला कोणालाही भाग पाडू नका. आईबापांच्या मागे त्यांच्या मुलाला आपल्याकडे ओढणं हे मायेत बसत नाही.

या गोष्टी आपल्या किनाऱ्यावर फक्त ख्रिस्ती घरांतच सांगितल्या जातात असंही नाही. अलिबागजवळ नवगावला शेकडो वर्षांपूर्वी जहाज फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, असं कोकणातला यहुदी बेने इस्राएल समाज मानतो. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारची सुट्टी, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. एलीया संदेष्टा, त्यांचा एलियाहू हन्नाबी, अलिबागजवळच्या सागावला येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे, आणि तिथल्या खडकावर त्याच्या रथाची खूण दाखवतात. त्याच्या नावाने पोहे, खोबरं आणि फळांचा मलिदा करून वाटतात. रायगडमध्ये शिकवत असाल तर एलीया आणि सारफथची विधवा (१ राजे १७) ही गोष्ट या माहितीसह सांगा. दुष्काळ, मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडं तेल, आणि दारात उपाशी अनोळखी माणूस. ती बाई आपल्या शेवटच्या पिठातली भाकर आधी त्याला देते. त्यानंतर पाऊस पडेपर्यंत पीठ सरलं नाही, तेल आटलं नाही.

जिथे जपायचं

क्षमा शिकवताना मुलाला गप्प बसायला शिकवत नाही ना, हे पाहा. वर्गात एखादं मूल असं असतं ज्याला घरी किंवा बाहेर कोणीतरी खरोखर दुखावतं. त्याला "सत्तर वेळा सात क्षमा कर" सांगणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं. वर्गात स्पष्ट सांगा: कोणी मारलं, नको तिथे हात लावला किंवा "कोणाला सांगू नको" म्हटलं, तर सांगायचंच, सांगणं म्हणजे प्रेम न करणं नव्हे. मूल काही बोललं तर शांतपणे ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा, वर्गात चर्चा करू नका आणि त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीकडे जा. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर दिवसरात्र आणि मोफत चालतो. तो भिंतीवर मुलांना दिसेल असा लावा. वर्गात नेहमी दोन मोठी माणसं हवीत आणि दार उघडं हवं.

शोमरोन्याची गोष्ट ऐकून मूल एकटंच अनोळखी माणसाच्या मदतीला धावेल, हीही भीती असते. त्याला सांगा, लहान मुलाने मदत करायची म्हणजे मोठ्या माणसाला हाक मारायची. शोमरोन्यानेही सगळं एकट्याने केलं नाही, उतारशाळेच्या मालकाला मदतीला घेतलं.

"देव बघतोय हां, शिक्षा करील" हे वाक्य वर्गात आणि घरात दोन्हीकडे बंद करा. धाकाने वागणारं मूल धाक उठला की पूर्वीसारखं वागतं.

पहिले चार रविवार

पहिल्या रविवारी भाकरीची गोष्ट घ्या. सगळ्यांना कळते, खायला मिळतं, आणि मुलांची नावं तुमच्या तोंडी बसतात. वचन पाठ करून घ्यायचं असेल तर तीनच शब्द घ्या, "एकमेकांवर प्रीती करा", योहान १३:३४. लांब वचनं पुढच्या वर्षी.

दुसऱ्या रविवारी शिंपले आणि मेंढरू. त्या दिवशी जे मूल आलं नसेल त्याच्या घरी संध्याकाळी दोन मुलांना घेऊन जा. आजारी असेल तर पाच मिनिटं बसा आणि निघा.

तिसऱ्या रविवारी शोमरोनी. पट्ट्या आणि तेल विसरू नका. या दिवशी नवी मुलं आली असतील तर त्यांना आडवं पडायची भूमिका देऊ नका, ओळख नसताना भीती वाटते. थांबणाऱ्या माणसाची भूमिका द्या.

चौथ्या रविवारी नवी गोष्ट नको. मुलांना विचारा, कोणती परत हवी? ती म्हणतील ती त्यांनाच सांगू द्या. तुम्ही मागे बसा, वही घ्या, आणि कोणत्या मुलाने कोणती कृती लक्षात ठेवली तेवढं टिपून घ्या. कोणी तेलाची वाटी विसरलं असेल पण "परत येताना उरलेले पैसे देईन" हे विसरलं नसेल. पाचव्या रविवारची गोष्ट त्या टिपणावरून निवडा.